दिल्लीची चौथाई

आमचे आजोबा दक्षिण महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानात खासगी खात्याकडे कारकून होते. संस्थान इतके आटोपशीर होते की, हुजुरांच्या पागेतला एखादा घोडा उधळला तर तो दिवस मावळायच्या आत परमुलखात सापडे आणि त्याला परत आणण्यासाठी शेजारच्या दरबाराशी रीतसर खलित्यांची देवघेव करावी लागे. परंतु अशाही संस्थानाला एक हत्ती होता, आणि त्या हत्तीचा शिधा, त्याची झूल, माहुताचा पगार व औषधपाणी यांचा जमाखर्च ठेवण्याचे काम आजोबांकडे होते. १९४८ साली दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. दरबार गेला, शिक्कामोर्तब गेले, भालदार-चोपदार आपापल्या गावी शेतीला लागले. हत्ती मात्र राहिला. "राज्य गेल्याचं हत्तीला कोणी कळवलंच नव्हतं," आजोबा सांगत, "तो पूर्वीइतकाच खात होता."

हे वाक्य मी लहानपणी निदान शंभर वेळा ऐकले असेल. तरीही २०२४ साली, जिल्हा कोषागारातून निवृत्त झाल्यानंतर, मी जुनी जर्मन मोटार विकत घेतली.

गाडी दिल्लीची. राजधानीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई करणारा हुकूम राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला, तेव्हापासून दहावे वर्ष तोंडावर आले की तिकडच्या खानदानी मोटारी माहेर तुटल्यासारख्या दक्षिणेची वाट धरू लागल्या. चौतीस वर्षे दुसऱ्यांची बिले तपासण्यात गेल्यामुळे कोणत्याही व्यवहारात मला प्रथम आकडे दिसतात, माणसे मागाहून दिसतात. गाडी नवी असताना तिची किंमत होती ४४ लाख, आणि दलाल मागत होता ११ लाख. म्हणजे बरोबर चौथाई. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाईच्या सनदा आणल्या, त्यानंतर दिल्लीचा ऐवज चौथाईत घेऊन येणारा आपणच, अशी एक ऐतिहासिक धुंदी मला चढली. चौथाईच्या जोडीला सरदेशमुखी असते, ती वर आणखी दहा टक्के असते, आणि या खेपेस ती दिल्लीने माझ्याकडून वसूल करावयाची आहे, हा मजकूर बहुधा सनदेच्या पाठीमागे होता. पाठीमागे मी पाहिले नाही.

गाडीचे कूळ मी येथे सांगत नाही. एक तर तिच्या माहेरच्या मंडळींना विनाकारण वाईट वाटावयाचे. आणि दुसरे म्हणजे, माझा असा अनुभव आहे की त्या देशातून येणाऱ्या तिन्ही-चारही कुळांचे मालक एकत्र आले म्हणजे एकमेकांच्या कैफियती ऐकून अशा समजुतीने माना डोलावतात की, कूळ कोणते हा प्रश्न गौण ठरावा.

"साहेब, डॉक्टरची गाडी आहे," दलालाने सांगितले. हिंदुस्थानातील जुन्या मोटारींच्या बाजारात डॉक्टरांनी वापरलेल्या जितक्या गाड्या आहेत तितके डॉक्टर वैद्यक परिषदेच्या पटावर तरी असतील की नाही, याची मला शंका आहे. हे सर्व डॉक्टर गाडी केवळ घरून दवाखान्यात व दवाखान्यातून घरी नेतात, रविवारी तिला हात लावीत नाहीत, आणि सरतेशेवटी सहकुटुंब परदेशी निघून जातात. आमच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांत ६१,००० किलोमीटरच काटले होते, असे काटा सांगत होता. ब्रेकच्या पायपट्टीवरचे रबर मात्र देवळाच्या उंबऱ्यासारखे झिजून गुळगुळीत झाले होते, यावरून डॉक्टर ब्रेक फार भक्तिभावाने दाबीत असावेत, एवढाच अर्थ मी त्या वेळी काढला.

हरकत नसल्याच्या दाखल्यासाठी नमुना २८, हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, मग महाराष्ट्राचा कर, मग नवा क्रमांक, या कागदी तीर्थयात्रेविषयी मी तक्रार करणार नाही. ज्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शाईने त्रुटी काढल्या, त्याच्या कागदांवर कोणी त्रुटी काढल्या तर त्याला न्याय म्हणतात.

गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी आमच्या शेजारचे निवृत्त तहसीलदार हातात भिंग घेऊन आले. आतील कातडी आसने, छताला बसविलेली काच, रंग बदलणारे दिवे यांतल्या कशाकडेही त्यांनी पाहिले नाही. ते थेट पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि सात-बाराचा उतारा वाचावा तसा टायर वाचू लागले. टायरच्या अंगावर जे कोरलेले असते ते सर्वसामान्य मनुष्य नक्षी म्हणून सोडून देतो; वस्तुतः ते एक संपूर्ण दस्तऐवज असते. '२२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू' यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ५० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा पन्नास इतकी त्याच्या बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल, १७ हा रिमचा इंचांतील व्यास, ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो भार पेलण्याची सनद, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने धावण्याचा परवाना. हे शेवटचे ऐकून मला भडभडून आले. द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा ताशी १०० ची, आणि सायंकाळी सिंहगड रस्त्यावर माझी गती ताशी बाराच्या वर जात नाही. म्हणजे २७० ची सनद खिशात बाळगून बाराच्या चालीने जाणारा तो टायर हा पदवीधर होऊन टपालखात्यात शिक्के मारणाऱ्या आमच्या पिढीचाच भाऊबंद होता.

"याचा जन्म केव्हाचा माहीत आहे का?" तहसीलदारांनी विचारले. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. या टायरवर २२१९ होते, म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. उजव्या टायरवर ४८१७ निघाले. मागचे दोन आणखी निराळ्या दोन सालांचे आणि निराळ्या दोन घरांचे. चार दिशांचे चार मानकरी एका पंगतीला बसवले होते, आणि डॉक्टरांनी, ज्यांची ही एकहाती, जपून वापरलेली गाडी, त्यांनी नऊ वर्षांत चार वेगवेगळ्या वेळी, नडेल तेव्हा आणि नडेल तेवढाच, एकेक टायर घेतला होता. तहसीलदार म्हणाले, "आता हात आत घाला." मी टायरच्या आतल्या कडेवरून बोटे फिरविली. बाहेरून ज्या टायरची नक्षी शाबूत दिसत होती, त्याची आतली कड तुळतुळीत होऊन तिच्यातून लोखंडी तारेची कुसळे वर आली होती. एक माझ्या बोटात शिरले. "पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेले म्हणजे चाक आत कलतं, आणि टायर आतूनच खात बसतो," ते म्हणाले. "बाहेरून कळत नाही. महसुलात चाळीस वर्षं हेच पाहिलं."

चार टायर एकदम घेणे भाग होते, आणि येथून निवडीचे महाभारत सुरू झाले. या कुळांतील मोटारींसाठी टायरवर खास खुणा असतात, हे मला प्रथम कळले: बीएमडब्ल्यूकरिता तारका, मर्सिडीजकरिता 'एमओ', आउडीकरिता 'एओ', पोर्शेकरिता 'एन' व पुढे आकडा. ही खूण म्हणजे सासरच्यांनी पाहून पसंत केलेला टायर. त्याच घराचा, त्याच मापाचा, पण खूण नसलेला टायर अंगाने तसाच दिसतो आणि बहुतेक सर्व प्रवासात तसाच वागतो, तरी दुकानदार तो दाखवताना आवाज खाली आणतो. त्यातही रनफ्लॅट घ्यावा की साधा, हा खरा तंटा. रनफ्लॅट टायरच्या बाजू इतक्या जाड आणि ताठ असतात की हवा संपूर्ण गेली तरी गाडी तिच्यावर तोलून धरता येते व ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. ही सोय अर्थातच फुकट मिळत नाही. जो टायर हवा नसताना गाडी पेलू शकतो तो हवा असताना वाकण्यास फारसा राजी नसतो. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत जे तीन गतिरोधक आहेत, त्यांतील प्रत्येकाची बातमी जुन्या रनफ्लॅटने माझ्या मणक्यांपर्यंत बिनतारी पोचवली होती. शिवाय दर. एका रनफ्लॅटच्या पैशांत साधा दीड टायर येतो, असे दुकानदाराने सांगितले, आणि चौतीस वर्षांच्या कोषागारी संस्कारांनी माझ्या तोंडून उत्तर दिले: "साधे द्या."

हवा भरण्याच्या वेळी त्याने विचारले, "नायट्रोजन भरायचा ना साहेब?" साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, हे शाळेत शिकलेले मी त्याला सांगितले. उरलेल्या बावीस टक्क्यांचे तो चार चाकांना मिळून जे पैसे मागत होता, त्यात आमच्या लहानपणी सायकल आली असती.

साध्या टायरांवर गाडी लोण्यासारखी चालू लागली आणि मी आपल्या शहाणपणावर खूष झालो. त्यानंतरचे चार महिने इतर व्याधींत गेले, आणि त्यांची हकीकत थोडक्यात आटोपतो, कारण त्या सर्वांचे मूळ एकच आहे. या गाड्यांचे लोखंड अभेद्य असते, पण त्या लोखंडाच्या मधोमध, जेथे सर्वांत अधिक उष्णता तेथे, प्लास्टिकची भांडी बसविलेली असतात. नऊ उन्हाळे शिजल्यावर ते प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ होते. प्रथम कूलंटची टाकी तडकली. मग इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे गॅस्केट आकसून ऑइल पाझरू लागले आणि ते तापल्या नळीवर पडून गाडीत वडे तळल्याचा वास येऊ लागला. आमच्या सौभाग्यवतींनी तीन दिवस शेजारणीवर संशय घेतला. मग उंदरांनी वायरी कुरतडल्या, पण त्यात गाडीचा दोष नाही; इंजिनाजवळ तंबाखूची पाने ठेवावीत हा उपाय मेस्त्रींनी सांगितला आणि तो मी अमलात आणला, तेव्हापासून उंदीर येतच आहेत, फक्त अधिक प्रसन्न दिसतात.

या सर्वांवर कडी बॅटरीने केली. साध्या गाडीची बॅटरी गेली म्हणजे मनुष्य नवी आणतो, दोन नट आवळतो आणि जेवायला घरी येतो. येथे नवी बॅटरी बसवल्यानंतर ती बसवल्याची वर्दी गाडीच्या संगणकाला द्यावी लागते. न दिल्यास तो आपल्या दप्तरी जुनीच बॅटरी हयात आहे असे धरून चालतो आणि तरण्या बॅटरीला म्हाताऱ्या बॅटरीच्या पथ्यावर ठेवतो. मृत पेन्शनरांच्या नावे वर्षानुवर्षे निघालेली पेन्शन मी नोकरीत पाहिली होती, तेव्हा हा प्रकार मला परका वाटला नाही. परंतु त्या नोंदीचा मोबदला म्हणून मेस्त्रींनी जी रक्कम सांगितली तिच्यात साध्या गाडीची आख्खी बॅटरी येते. मी म्हणालो, "मेस्त्री, ११ लाखांच्या गाडीला हा खर्च?" मेस्त्री स्कॅनरवरून नजर न काढता म्हणाले, "साहेब, ११ लाखांची तुमच्यासाठी. गाडीला कुठं माहीत आहे? ती ४४ चीच आहे." आजोबांचा हत्ती त्या गॅरेजात माझ्या मागे येऊन उभा राहिल्याचा मला स्पष्ट भास झाला.

आषाढातली गोष्ट. साताऱ्यास मेहुणीच्या मुलीचे लग्न होते. दुपारी सव्वाबाराचा मुहूर्त. खंबाटकीचा घाट चढून वर येतो न येतो तोच पाण्याने भरलेला एक खड्डा, जो पाण्यामुळे डबक्यासारखा निरुपद्रवी दिसत होता, पुढच्या डाव्या चाकाखाली आला. आवाज एकदाच झाला, पण असा की सौभाग्यवतींनी मांडीवरचा आहेराचा डबा दोन्ही हातांनी कवटाळला. उतरून पाहिले तो टायर बाजूला कानशिलात बसल्यासारखा फाटला होता आणि रिमची कड आत वळली होती.

"अहो, स्टेपनी काढा ना," सौभाग्यवती म्हणाल्या.

येथे या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भर पावसात, डिकीकडे चालत जाताना, माझ्या मनात तेच आले. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, एका कारखान्यात हवा भरलेल्या टायरासह एक बिनआऱ्यांचे कडे तयार झाले, जे पंक्चर झालेल्या चाकावर आवळून बसवीत. तो रस्ता जग विसरले. पण आपल्याकडे आजही कोणताही पंक्चरवाला दिवसातून दहा वेळा त्या वेल्श रस्त्याचे नाव घेतो. एकशेवीस वर्षांपूर्वी मनुष्यजातीने सोडवलेला हा प्रश्न माझ्या गाडीच्या जनकांनी पुन्हा उपस्थित केला होता: गाडीला रनफ्लॅट टायर दिले असल्यामुळे त्यांनी स्टेपनी दिलीच नव्हती, आणि स्टेपनी नसल्यामुळे तिच्या जागी बॅटरी बसवली होती. रनफ्लॅट काढून टाकणारा महाभाग मीच. डिकीच्या तळातली फळी उचलली तेव्हा तिच्याखालून ती नवी, रीतसर नोंदवलेली बॅटरी माझ्याकडे पाहत होती.

तिच्या शेजारी एक डिंकासारख्या द्रवाची बाटली होती, जी छोट्या पंपाने टायरमध्ये सोडल्यास भोक बुजते. बाटलीवरची मुदत २०१९ साली संपली होती; शिवाय हा डिंक खिळ्याच्या भोकासाठी असतो, आमच्या टायरला भोक नव्हते, भगदाड होते. एवढ्यात खालच्या खंडाळ्याकडून एक पंक्चरवाला दुचाकीवर आला. त्याने गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, डिकीत डोकावून पाहिले आणि खऱ्या करुणेने म्हणाला, "काका, एवढी भारी गाडी आन् स्टेपनी न्हाई? आमच्या रिक्षाला पन असती."

तरी त्याने पाना लावला. पाचांपैकी चार बोल्ट निघाले. पाचवा बोल्ट निराळा होता. त्याच्या माथ्यावर फुलासारखी खाच होती आणि त्या खाचेत बसणारी एक बोटभर किल्ली लावल्याशिवाय तो सुटत नाही. चाके चोरीस जाऊ नयेत म्हणून ही योजना असते आणि ती पूर्णपणे यशस्वी आहे, कारण चाक मालकासही मिळत नाही. ही किल्ली कोठे असेल, यावर घाटमाथ्यावर पाऊण तास खल झाला. समोरचा खण, प्रथमोपचाराची पेटी, आसनांखालची जागा, सर्व धुंडाळले. आसनाखाली दिल्लीच्या एका मिठाईवाल्याची पावती मिळाली, किल्ली मिळाली नाही. दलालास फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टरकडे असेल साहेब, पण ते आता कॅनडात असतात."

टोचन करावे म्हटले तर गाडी ऑटोमॅटिक गिअरची. चालती चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास गिअरबॉक्सचा जीव जातो, आणि त्या गिअरबॉक्सच्या किमतीत सातारा जिल्ह्यात अजूनही थोडी जमीन येते. अखेरीस सपाट पाठीचा ट्रक आला. गाडी त्यावर चढवली, चहूबाजूंनी पट्टे आवळले, आणि अंबारीत बसलेल्या सरदारासारखी ती आमच्या डोक्यावरून पुण्याकडे रवाना झाली. आम्ही दोघांनी आहेराच्या डब्यासह साताऱ्याची एसटी धरली. आसन नेमके मागच्या चाकावरचे मिळाले. एसटीच्या झिजल्या टायरांना महामंडळ स्वतःच्याच कारखान्यांत नवा तळ चढवून पुन्हा रस्त्यावर आणते. त्या दुसऱ्या जन्मीच्या टायरांवरून, एकही खड्डा न चुकवता, आम्ही सुखरूप पोचलो. अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणाची तिसरी पंगत मिळाली.

पुढे रिम सरळ करून घेतली, एका आसावर दोन्ही टायर सारखे असावेत म्हणून टायर दोन घ्यावे लागले, आणि लॉकिंग बोल्ट एका कारागिराने वेल्डिंग करून, त्याचा स्वतंत्र मोबदला घेऊन, उपटून काढला. पुन्हा रनफ्लॅटच घ्यावेत असा तहसीलदारांचा अभिप्राय पडला, पण मणक्यांनी त्याविरुद्ध अपील केले आणि ते मंजूर झाले. त्याऐवजी मी एक चिंचोळी स्टेपनी मिळवली. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तीन शनिवार हिंडावे लागले. तिच्यावरही 'ताशी ८०' असेच लिहिले आहे. ती डिकीत ठेवायला खोलगट जागा नाही, तेव्हा ती डिकीत मधोमध, घरात आलेल्या परक्या पाहुण्यासारखी, आडवी पडून असते आणि बॅगा मागच्या आसनावर बसून प्रवास करतात. मोटार चार जणांची होती, आता ती दोन जणांची आणि एका चाकाची आहे.

गेल्या रविवारी मी गाडी पुसत असता आरशाच्या वरचा, चष्मा ठेवण्याचा लहानसा खण सहज दाबला गेला आणि त्यातून डॉक्टरांची ती किल्ली माझ्या नाकावर पडली. चार चाकांपैकी तीन चाकांवर तिचे बोल्ट अद्याप आहेत. किल्ली आता सौभाग्यवतींच्या पर्समध्ये असते, आणि गाडी कोठवर न्यायची हे त्याच ठरवतात.